लिबायनच्या नावाड्यांची लाकडी जमीन

मित्रांनो, मी लाकडाची आहे, जुनी आहे आणि आता निम्मीच उरले आहे. बास्केटबॉलच्या मैदानाची मी जमीन. खेळाडूंची छायाचित्रे भिंतीवर लागतात, चषक कपाटात जातात, चेंडूवर सह्या घेतल्या जातात. जमिनीकडे सहसा कोणी बघत नाही. बघितलेच तर कोणी पडल्यावर. माझ्यावर असाच एक जण पडला आणि लिबायन शहराचा संघ संपला. त्या संघाला दोन हंगामांचे आयुष्य मिळाले. दोन्ही हंगामांत मी त्याच्या पायाखाली होते, म्हणून ही हकिकत मी सांगते.

माझे झाड दूरच्या थंड देशातले. तिथल्या कारखान्यात त्याच्या अरुंद पट्ट्या कापल्या गेल्या आणि त्या जोडून दाराएवढे तक्ते तयार झाले. तक्त्यांच्या कडांना खाचा होत्या. एक तक्ता दुसऱ्यात अडकवला की सलग जमीन तयार होई. शेवटी माझ्यावर एक पातळ लेप दिला गेला. तो चमकणारा नव्हता. बुटाचा तळ धरून ठेवायचा आणि वेळेवर सोडायचा, एवढेच त्याचे काम. माझी सगळी किंमत त्या लेपात होती. दिसायला मात्र मी मंद होते, ओल्या फडक्याने पुसून वाळलेल्या पाटीसारखी.

लिबायनच्या जिमला, म्हणजे खेळांच्या मोठ्या सभागृहाला, आधी सिमेंटची जमीन होती. तिथे लग्ने होत, सौंदर्यस्पर्धा होत, वादळ आले की किनाऱ्यावरची कुटुंबे चटया घेऊन तिथेच राहायला येत. मग बेटाबेटांतल्या आठ शहरांची एक व्यावसायिक लीग निघाली. लिबायनलाही संघ हवा होता, पण सिमेंटवर सामने होणार नाहीत असे लीगने कळवले. शहरातल्या फेरीबोटींचे मालक इंजिनियर व्हिलारुएल यांनी मला मागवले आणि स्वतःच्याच बोटीतून आणले. मला बसवायला मनिलाहून एक मिस्त्री आला होता. जाताना त्याने जिमचा रखवालदार मानोंग बुर्सियो, म्हणजे बुर्सियोदादा, याला बजावले.

"कोरड्या कापडानं पुसायचं. पाणी नको, साबण नको, दुसरं काहीसुद्धा नको."

"काहीसुद्धा नको, म्हणजे माझं कामच कमी झालं की," मानोंग बुर्सियो म्हणाला. तो थट्टा करत होता. पुढे दोन वर्षे त्याने मला मुलीसारखे सांभाळले. चपला घालून कोणी माझ्यावर आले तर तो आधी शिट्टी वाजवी आणि मग शिव्या देई.

संघाचे नाव ठरले बांगकेरोस, म्हणजे नावाडी. बहुतेक खेळाडू परगावचे होते. शहराचा स्वतःचा म्हणावा असा एकच, एलिसेओ मागबानुआ. तो बुटका होता, पण असा धावे की त्याच्या पावलांचा भार माझ्यावर नीट पडायच्या आत उचलला गेलेला असे. तरुण वयात तो मनिलाला गेला होता. तिथे एका कंपनीच्या संघात त्याची उमेदीची वर्षे बाकावर बसून गेली. लिबायनला संघ निघाल्याचे कळताच तो पहिल्या बोटीने घरी आला आणि कर्णधार झाला.

त्याची आई पुरिफिकासियोन. सगळे तिला मानांग पुरिंग, म्हणजे पुरिंगताई, म्हणत. ती जिमच्या दारात साखरेत तळलेली केळी काडीला टोचून विकत असे. मुलगा मनिलात असताना ती घरी एकटी होती. तो परत आल्यापासून सरावाच्या वेळी ती रोज दारातून आत डोकावे.

"एलिसेओ, खाल्लंस का?"

"नानाय, मी बॉल घेऊन पळतोय."

"पळताना तोंड मोकळंच असतं ना? घे, दोन केळी खा."

सगळा संघ हसे. कोच वैतागे, पण केळी तोही खाई.

पहिल्या हंगामात आम्ही खालून दुसरे आलो. तरी शहराला त्याची खंत नव्हती. सामन्याच्या दिवशी मासळीबाजार लवकर उठे, न्हाव्याचे दुकान बंद असे, आणि तान्ह्या बाळांना घेऊन बायका गॅलरीत बसत. आमचा संघ उंच नव्हता. उंचांना दमवायचे असेल तर त्यांना पळवत ठेवायचे, एवढीच कोचची युक्ती होती. एलिसेओ एका दिशेला झेप घेई, मध्येच पाय रोवून दुसरीकडे वळे, आणि त्याला अडवणारा उंच गडी रिकाम्या जागेला मिठी मारी. अशा वेळी बुटाचा चुर्र असा आवाज येतो. तो आवाज माझा असे. खेळाडू पूर्ण भरवशाने माझ्यावर पाय टाकतो तेव्हाच तो येतो. मला त्याचा अभिमान होता.

दुसऱ्या हंगामात लीगचा बोजा लीगलाच पेलेना. अर्ध्यावर जाहीर झाले की पुढच्या वर्षी फक्त पहिले चार संघ राहतील, बाकीचे बंद. शेवटच्या सामन्यापर्यंत चौथ्या जागेसाठी दोन संघ बरोबरीत होते. एक आम्ही आणि दुसरा पलीकडच्या बेटावरच्या मोठ्या शहराचा, ज्याचे खेळाडू आमच्यापेक्षा वीतभर उंच होते. तो सामना लिबायनला, माझ्यावर होणार होता. आणि पहिल्यांदाच टीव्हीवर दिसणार होता.

आदल्या दिवशी सराव संपल्यावर एलिसेओ मैदानाच्या कडेला बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. मानांग पुरिंग शेजारी येऊन बसली.

"जिंकलात तर तू इथेच राहशील ना?"

"हो."

"आणि हरलात तर?"

"बास्केटबॉलशिवाय मला काय येतं, नानाय? परत मनिला. नाहीतर आणखी लांब कुठेतरी."

"मग हरू नकोस," ती म्हणाली, जणू बाजारातून मीठ आणायला सांगत होती.

ती उठली आणि जाताजाता थांबून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटले, तिला मी आवडले.

मित्रांनो, लिबायनची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. तिथे फिएस्ता आला, म्हणजे गावाच्या संताचा सण आला, किंवा मानाचा पाहुणा येणार असला, की घरोघरी लाकडी जमिनी घासतात. सुका नारळ सोडणासकट आडवा कापतात. त्या अर्ध्या तुकड्याला बुनोत म्हणतात. तो पालथा घालायचा, त्यावर एक पाय ठेवायचा, हात कमरेवर, आणि पुढेमागे घासत राहायचे. त्याआधी मेण लावतात. जमिनीत बाईला स्वतःचे तोंड दिसले की घर पाहुण्यांसाठी तयार. ज्या घराची जमीन मंद, त्या घरातली बाई आळशी, असे तिथे सरळ बोलले जाते.

सामन्याच्या दिवशी सकाळी मानांग पुरिंग गल्लीतल्या बायकांना घेऊन आली. प्रत्येकीच्या काखेत बुनोत होता. तिच्या स्वतःच्या हातात डबा होता. चर्चमधल्या मेणबत्त्यांची उरलेली टोके वितळवून, त्यात रॉकेल घालून तिने मेण केले होते.

"बुर्सियो, दार उघड."

"मानांग, आज मॅच आहे. आत कोणाला सोडायचं नाही."

"मॅच आहे म्हणूनच आलोय. बघ तिच्याकडे! आज अख्खा देश टीव्हीवर बघणार, आणि हिचा अवतार कसा, तर चिखलातून उठलेल्या रेड्यासारखा."

"ती तशीच असते हो. मनिलाचा मिस्त्री सांगून गेलाय, काही लावायचं नाही."

"मनिलाच्या माणसाच्या घरी जमीन कोण घासतं? मोलकरीण. त्याला काय कळतंय?"

मागून एक बाई म्हणाली, "तुझ्या आईच्या जमिनीत तोंड दिसायचं रे बुर्सियो. वरून बघत असेल ती. म्हणत असेल, हाच का माझा मुलगा?"

बायका हसल्या. मानोंग बुर्सियो लाल झाला. मानांग पुरिंग मात्र हसली नाही.

"हे माझ्या एलिसेओचं घर आहे," ती म्हणाली. "पाहुण्यांसमोर ते मळकट दिसलेलं मला चालायचं नाही."

कर्णधाराच्या आईला दारातून परत पाठवणे लिबायनमध्ये कोणालाच जमले नसते. मानोंग बुर्सियोने किल्ली काढली.

"पण थोडंसंच हं. मधलं तेवढं."

"मधलं तेवढं? नुसतं नाक धुऊन मॅच बघायला जातोस का तू?"

आणि त्या घासू लागल्या. इतक्या बायका एका तालात पुढेमागे होत होत्या की लांबून ते नृत्य वाटले असते. त्या गात होत्या, एकमेकींच्या नवऱ्यांची थट्टा करत होत्या. कोपरे मानांग पुरिंगने गुडघ्यांवर बसून हाताने घासले. मित्रांनो, माझ्यावर एवढी माया त्याआधी कोणी केली नव्हती, त्यानंतरही नाही. दुपार होईतो छताचे दिवे माझ्यात दिसू लागले. रॉकेलचा वास जावा म्हणून त्यांनी सगळी दारे उघडून ठेवली. लेप मेणाखाली बुजला होता. मला ओरडून सांगायचे होते. लाकडाला ते येत नाही.

सामन्यापूर्वीच्या सरावात दोघे तिघे घसरले. हवा दमट होती. अशा हवेत जिममध्ये ओल धरते, तेच असेल आणि चकाकी टीव्हीच्या दिव्यांची असेल, असे कोचला वाटले. त्याने मला कोरड्या कापडाने पुसून घेतले. पुसल्याने मेण आणखी चकाकले. गॅलरीतले लोक माझ्याकडे बोट दाखवत होते. कॅमेरावाल्यानेही मान डोलावली.

उंच संघाला फार धावायचेच नव्हते. ते रिंगखाली उभे राहत, हात वर करत आणि चेंडू टाकत. आम्हाला धावण्याशिवाय गत्यंतर नव्हते. गर्दीच्या आणि दिव्यांच्या उष्णतेने मेण मऊ होत गेले. आमचे खेळाडू वळण घ्यायला जात आणि पुढेच वाहत जात. कोचने टॉवेलवर गोड सोडा ओतायला सांगितला. प्रत्येक जण त्यावर तळवे चिकट करून आत येई, पण चार पावलांत ते पुन्हा गुळगुळीत होत. तरी एलिसेओने संघ ओढत नेला. तो आता लहान लहान पावले टाकत होता, ओल्या खडकावरून चालल्यासारखी. त्या सगळ्या सामन्यात चुर्र असा आवाज मला एकदाही करता आला नाही.

अखेरच्या क्षणी आम्ही एका गुणाने मागे होतो आणि चेंडू एलिसेओकडे होता. गॅलरी उभी होती. तो उजवीकडे निघाला. त्याला अडवणारा गडी त्याच्याबरोबर उजवीकडे झुकला. डावीकडचा रस्ता रिंगपर्यंत मोकळा झाला. एलिसेओने पाय रोवला, आणि मी तो धरला नाही. तो कुशीवर पडला. चेंडू हातातून सुटून रेषेबाहेर गेला. भोंगा वाजला.

पाहुण्यांचा संघ नाचत असताना तो तिथेच बसून होता. त्याने तळहात माझ्यावर ठेवला, बोटे चोळली, नाकाशी नेली. रॉकेल आणि मेणबत्ती. लहानपणापासून त्याच्या घराला सणाच्या दिवशी तोच वास येत असे. त्याने मान वर करून गॅलरीत आईकडे बघितले. ती रडत होती आणि त्याला हात दाखवत होती, काही हरकत नाही, ऊठ, असे.

लीगचा एक अधिकारी जवळ आला. बरोबर रेडिओवरचा निवेदक व्हिक पालोमार ध्वनिमुद्रक घेऊन होता.

"जमिनीला काही लावलं होतं का?" अधिकाऱ्याने विचारले.

मानोंग बुर्सियो दोन पावले पुढे आला. त्याचे तोंड उघडले होते. एलिसेओने त्याच्याकडे बघितले आणि तो तिथेच थांबला.

"नाही," एलिसेओ म्हणाला. "माझे बूट जुने होते. तळ झिजलेत. बदलायला हवे होते, आळस केला."

गर्दी ओसरल्यावर मानांग पुरिंग खाली आली. तिने त्याचे खरचटलेले कोपर बघितले, फुंकर घातली.

"लागलं का रे?"

"नाही, नानाय."

 मग हळूच म्हणाली, "जमीन तरी छान दिसत होती ना?"

"खूप छान दिसत होती," तो म्हणाला.

संघ त्याच महिन्यात बंद झाला. इंजिनियर व्हिलारुएल पुन्हा कधी जिममध्ये आले नाहीत. परगावचे खेळाडू गेले, आणि नंतर एलिसेओही गेला. मनिलात त्याला कोणत्याही संघाने घेतले नाही. शेवटच्या क्षणी पडलेला माणूस टीव्हीवर सगळ्यांनी बघितला होता. तो एका गोदामात खोकी उचलू लागला. हे मला मानोंग बुर्सियोच्या बोलण्यातून कळले, कारण तो आता माझ्याशी एकटाच बोलत असे.

शहराने मात्र एलिसेओला सोडले नाही. व्हिक पालोमार रोज सकाळी रेडिओवर हवामान सांगे आणि पुढे जोडी, "आज रस्ते कोरडे आहेत, मंडळी. फक्त ज्यांचे बूट एलिसेओच्या बुटांसारखे झिजलेत, त्यांनी जपून चालावं!" एखाद्याच्या हातून ताट पडले तरी लोक म्हणत, "बूट बदल रे." मानांग पुरिंग हे दारात बसून ऐके. तिचा मुलगा चुकला, हे तिनेही मान्य केले होते.

माझेही दिवस फिरले. जिममध्ये पुन्हा लग्ने होऊ लागली, म्हणून माझे तक्ते उचकटून गॅलरीखाली रचले गेले. पावसाळ्यात तिथे पाणी शिरले. खालचे तक्ते फुगले, वाकले, त्यांच्यात वाळवी शिरली. कोणी दखल घेतली नाही. पुढे लिबायनच्या एका शाळेने मला मागितले, तेव्हा चांगले तक्ते वेगळे काढायला कामगार आले. त्यांनी ते जिमच्या मधोमध पसरले आणि पत्र्याने खरवडायला घेतले. मानांग पुरिंग त्यांच्यासाठी केळी घेऊन आत आली होती.

"कुठल्या शहाण्यानं हिला मेण फासलंय?" मुकादम म्हणाला. "यावर मांजर पळालं तरी पडेल."

मानांग पुरिंगचा हात थांबला. "मेण लावलं की पडतं?"

"मावशी, ही खेळाची जमीन. हिला मेण म्हणजे खेळाडूच्या पायाखाली शेवाळ. मुद्दाम कोणी केलं असेल तर तुरुंगात घालायला पाहिजे."

ती वळली. मानोंग बुर्सियो दाराशी उभा होता. त्याने मान खाली घातली.

"तुला ठाऊक होतं?"

"त्यानं बोलू दिलं नाही, मानांग."

ती टोपली तिथेच ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामगारांनी नेहमीप्रमाणे रेडिओ लावला. व्हिक पालोमारने हवामान सांगितले, पण बुटांवरची थट्टा सुरू होण्याआधी कोणी तरी आत आल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. आणि मला ओळखीचा आवाज ऐकू आला.

"मी पुरिफिकासियोन मागबानुआ. जिमच्या दारात केळी विकते. त्या दिवशी जमीन मी घासली. मेण मी लावलं. बाकीच्या बायका माझ्या सांगण्यावरून आल्या, त्यांना काही बोलायचं नाही. माझ्या मुलाचे बूट नवे होते. त्यांचं खोकं बिलासकट काल मला घरात सापडलं. ज्याला बघायचं त्यानं येऊन बघावं. आता हसायचं तर मला हसा."

पत्र्याचा आवाज थांबला होता.  मग घाईघाईने साबणाची जाहिरात लागली.

त्या दिवसानंतर बुटांची थट्टा बंद झाली. तिला कोणी हसले नाही. लोक तिच्याकडून केळी घेत आणि तिच्या डोळ्यांकडे बघणे टाळत. माझे तक्ते शाळेत न्यायला ट्रक आला त्या दिवशी ती जिममध्ये आली आणि पायरीवर बसली.

"एलिसेओचा फोन आला होता," ती मानोंग बुर्सियोला म्हणाली. "मनिलात कोणीतरी त्याला सांगितलं."

"मग? आता यायला हरकत नाही म्हणाला असेल."

"मी म्हटलं, ये. आता तुला कोणी काही बोलणार नाही."

"काय म्हणाला?"

 "म्हणाला, नानाय, तुझ्यासाठी एवढी एकच गोष्ट मी करून गेलो होतो. तीही तू ठेवली नाहीस."

 कामगार माझा शेवटचा तक्ता उचलून घेऊन गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी संपवताना, आमची काळजी घ्या, असे म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. माझी काळजी घेतली गेली होती. गुडघ्यांवर बसून, कोपऱ्याकोपऱ्यातून घेतली गेली होती. एवढेच, की कोणी विचारले नव्हते. मला विचारून उपयोग नव्हता, मला तोंड नाही. पण कर्णधार जवळच होता, हाकेच्या अंतरावर. जमीन तुला कशी हवी, हे त्याला कोणी विचारले नाही. नंतर त्यानेही आईला न विचारता तिच्यासाठी खोटे सांगितले, आणि आईने त्याला न विचारता त्याच्यासाठी खरे सांगितले. दोघांनी जे केले ते मायेनेच केले. तुम्ही ज्याच्यावर माया करता, मग ती वस्तू असो की माणूस, त्याला काय हवे ते आधी विचारून घ्या. एवढीच माझी विनंती आहे.

आता मी लिबायनच्या शाळेत आहे. मुले माझ्यावर धावतात आणि मी त्यांचे पाय धरते. त्यातल्या कोणालाही बांगकेरोस हे नाव माहीत नाही. शाळेच्या दारात मानांग पुरिंग केळी विकते. मुलगा कधी येणार असे कोणी विचारले की ती सांगते, येत्या ख्रिसमसला. गेल्या वर्षीही तिने हेच सांगितले होते. एलिसेओ अजून घरी आलेला नाही.